मिश्रीच्या वेळेला गाजर

मैनाआक्कांनी मिश्रीची डबी उघडली आणि हॉलभर तो ओळखीचा खमंग वास पसरला. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड ती, पण शकूच्या नाकाला तिच्यापुढे तिळाच्या वड्याही फिक्या वाटल्या. तोंडाला पाणी सुटलं. तिने वाणाच्या सुगडातलं गाजर उचललं आणि दाढेखाली कडकन मोडलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू नुकतंच उरकलं होतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या फ्लॅटमध्ये आता घरच्या तिघीच उरल्या होत्या: थोरल्या जाऊबाई मैनाआक्का, त्यांची सून सोनू आणि शकू. बायका गेल्या की दोघी जावांनी भिंतीला टेकून मिश्री लावायची, हा शकूच्या लग्नापासूनचा रिवाज. ऊस गेला, म्हशी गेल्या, रानाच्या जागी बिल्डरच्या इमारती आल्या, तरी रिवाज टिकून होता.

"अगं, सण हाय. आज तरी लाव की," आक्का म्हणाल्या.

"सण हाय म्हणूनच नको, आक्का."

"नुसती गाजरं खातीया. मागल्या जन्मी ससा व्हतीस का गं?"

सोनू हसली आणि हसता हसता तिने गाल धरला.

शकूने दिवाळीनंतर मिश्री सोडली होती. खालचे पुढचे दोन दात हलायला लागले होते. हडपसरच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून पाहिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "मिश्री सोडलीत तर हे दात अजून टिकवता येतील. नाही सोडलीत, तर काढायलाच या." तलफ आली तर काय करू, असं शकूने विचारलं. "गाजर चावा, काकडी चावा, पेरू चावा. कच्चं आणि सावकाश. लाळ सुटते, दात साफ राहायला मदत होते. जेवणानंतर ताक प्या. आणि हे ब्रशच्या ऐवजी नाही हं, ब्रश करून वर हे."

तेव्हापासून शकू दुपारी गाजर घेऊन बसायची, हलत्या दातांना चुकवत दाढेने चावायची. गाजराने मिश्रीसारखी तरतरी काही येत नव्हती. खरं सांगायचं तर तिला गाजर मुळीच आवडायचं नाही. पण एकदा सोडली म्हणजे सोडली, आपले दात आपल्याच तोंडात राहिले पाहिजेत, या हट्टाला ती पेटली होती.

"काय गं, दाढ दुखतीया?" आक्कांनी सोनूला विचारलं.

"कालपासून ठणकतेय. दाखवायला जायचं तर ऑफिसात सुट्टी मिळत नाहीये."

"मग आधी बोलायचं न्हाई का? थांब." आक्कांनी डबीतली चिमूट काढली आणि सोनूच्या तळहातावर ठेवली. "हिरडीला दाबून धर. ठणका गप बसतो."

शकूचं चावणं थांबलं. नवी नवरी असताना तिचीही दाढ अशीच ठणकली होती. आक्कांनी अशीच चिमूट तिच्या तळहातावर ठेवली होती. ठणका त्या दिवशी खरंच बसला. दाढ पुढे काढावीच लागली, मिश्री मात्र राहिली.

सोनूने तळहातावरच्या पुडीत बोट बुडवलं.

"सोनू, थांब. तोंडात घालू नकोस."

"अगं, औषधापुरती घेतीया ती," आक्का म्हणाल्या.

"मलाबी औषधापुरतीच दिली व्हती, आक्का."

आक्कांचा चेहरा उतरला. "म्हंजी मी तुझं वाईट केलं? आईवाणी केलं तुझं. आता डॉक्टरीण भेटली, तर मी वैरीण झाले व्हय? आन् तुझ्या गाजरानं हिचा ठणका थांबणार हाय का?"

"न्हाई थांबणार. गाजर दात दुखू नये म्हणून असतं, दुखल्यावर डॉक्टरच लागतो. उद्या मी नेते हिला, पगार कापला तर कापला." थोरल्या जावेला शकूने आजवर उलट उत्तर दिलं नव्हतं. "तुम्ही वैरीण असता, तर मी ती कवाच थुंकून टाकली असती. तुम्ही मायेनं दिली, म्हणून तर सुटंना."

तिने सोनूला मनगटाला धरून बेसिनपाशी नेलं आणि तिचा तळहात नळाखाली चोळून धुतला. काळं पाणी वाहून गेलं. थोडी पूड शकूच्या बोटाला चिकटून राहिली. ते बोट आपसूक वर आलं, ओठांपर्यंत आलं. वास नाकात शिरला आणि इतक्या दिवसांचा निश्चय डळमळला. सोनू बघत होती. भिंतीशी बसलेल्या आक्काही बघत होत्या. शकूने डोळे घट्ट मिटले, बोट नळाखाली धरलं, साबण लावला, धुतलं. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतलं.

परत येऊन ती जागेवर बसली आणि अर्धं राहिलेलं गाजर चावायला लागली.

आक्का डबीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

"मलाबी दे एक."

शकूने सुगडातलं सगळ्यात कोवळं गाजर निवडून त्यांच्या हातावर ठेवलं. आक्कांनी ते तोंडापाशी नेलं, उरल्यासुरल्या दातांना जरा इकडून, जरा तिकडून लावून पाहिलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"किसून दे," त्या म्हणाल्या.