अरितमावशीचे गाल

"आधी तुम्ही, मग मी," असं म्हणत एनकोयोने एकपांगचा, पानात शिजवलेल्या किसलेल्या कंदाचा, घास अरितमावशीच्या तोंडापुढे धरला.

मावशी चपापली. कलाबारमधल्या साठएक मुली तिने लग्नाआधी आपल्या खोलीत ठेवून घेतल्या होत्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे खाऊ घालून, तेल चोळून त्यांना गुबगुबीत नवरी केलं होतं. तिलाच कुणी भरवायचं, हे भलतंच.

पण गेल्या वर्षीच्या आजारपणात मावशीचे गाल पार बसले. "हिचेच गाल असे खप्पड, आमच्या मुलीला काय भरवणार?" म्हणत आया दुसरीकडे वळल्या. खोली ओस पडली. शेवटी मावशीने मनाचा हिय्या केला आणि डॉक्टरीणबाईंकडून पोटावरची चरबी काढून गालांत भरून घेतली.

"यातली थोडी जिरणारच," बाईंनी बजावलं होतं. "पण तुम्ही वाळलात, तर उरलेलीही जाईल. तीन महिने दोन्ही वेळ पोटभर जेवायचं."

मावशीने मान डोलावली. पण एकटीसाठी चूल कोण पेटवतो? उभ्या जन्मात ती दुसऱ्याला वाढता वाढताच जेवली होती. पंधरा दिवसांत कमरेचं वस्त्र सैल झालं. आरशाकडे बघायची तिला धास्ती वाटू लागली.

अशात एके सकाळी अफिआँग दारात उभी राहिली. ती याच खोलीतून नवरी होऊन गेलेली. सोबत तिची लेक, एनकोयो.

"हिला लग्नाआधी तुमच्याच खोलीत ठेवायचंय, मावशी."

मावशीला रडूच फुटलं. कुणाचा तरी अजून विश्वास होता.

पोरगी मात्र महा हट्टी निघाली. मावशीने खाल्ल्याशिवाय तोंडच उघडायची नाही.

"अगं भवाने, नवरी तू की मी?" मावशी करवादायची. पण नवरीला उपाशी ठेवणार कशी? मग मुकाट्याने घास घ्यायची. एक तिचा, एक पोरीचा. दुपारी दोघी पाठीवर पडून गावातल्या बायकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. मावशीला इतकं हसू कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी मावशीचे गाल न्याहाळले. "छान! तगली की चरबी. आता काळजी नाही."

परतताना बाजारात दोन आयांनी आपणहून खोलीची चौकशी केली. मावशी तरंगतच घरी आली. तिने मण्यांच्या माळा काढल्या, पितळी फण्या घासायला घेतल्या.

"मुलाकडच्यांचा अजून निरोप कसा नाही गं? तारीख तरी सांग. तुला सजवायला मला दोन दिवस लागतील."

एनकोयोने तिच्या हातातली फणी हळूच काढून घेतली.

"लग्न नाहीच ठरलेलं, मावशी. आई म्हणाली, तुम्हाला जेवायला लावायचं तर तुमच्यापुढे नवरीच बसवावी लागेल."