बोललीस की आऊट

शेणवे गावापलीकडच्या पाड्यावरच्या शाळेत निमसेसाहेब तपासणीला आले ते कपाळाला आठ्या घालूनच. इथल्या पोरांना इंग्रजीचा गंधही नसणार, हे त्यांनी जीपमध्येच ठरवून टाकलं होतं. साहेब टेबलामागच्या खुर्चीत बसले आणि अनिताबाईंनी घाबरत घाबरत रोजचा खेळ मांडला. बाई एकीच्या कानात इंग्रजी शब्द सांगणार, तिने तो नुसत्या हातवाऱ्यांनी दाखवायचा आणि वर्गाने ओळखायचा.

रंजिता टेबलाशेजारी येऊन उभी राहिली. बाई तिच्या कानात कुजबुजल्या.

"बोलायचं नाय गो, बोललीस की आऊट!" पोरांनी दम भरला.

रंजिता साहेबांकडे वळली आणि जागीच थिजली. कपाळावर घाम, नजर साहेबांच्या बुटांवर. हाताचा तिने फणा केला.

"स्नेक! स्नेक!" अख्खा वर्ग ओरडला.

साहेबांच्या आठ्या कुठल्या कुठे गेल्या. "वा! काय अभिनय करते पोरगी! बाई, मानलं तुम्हाला," म्हणत ते टाळ्या वाजवायला उठू लागले.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.



"साहेब, पाय अजिबात हलवू नका. मी तिच्या कानात 'मँगो' सांगितलं होतं."