गुन्हा पोटाचा

गणराजच्या जिभेवरच्या गाठीचा रिपोर्ट आला, कॅन्सरच निघाला, आणि रिपोर्ट आलाच नाही असं ठरवून गणराज रेवदंड्याच्या किनाऱ्यावर टेनिस क्रिकेटचं समालोचन करायला निघून गेला. दोन षटकांच्या मध्येच त्याच्या बायकोने, पूनमने, हातातला माइक काढून घेतला आणि त्याला रिक्षात घालून अलिबागला डॉक्टरीणबाईंसमोर आणून बसवलं.

"अर्धी जीभ काढावी लागेल," बाई म्हणाल्या. मग त्याच्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "आणि वजन आटोक्यात आणा. चरबी नुसती पडून नसते. रक्तात प्रथिनं सोडते, निरोप पाठवल्यासारखी. त्यातले काही निरोप अशा गाठींना वाढायला मदत करत असावेत, असा संशोधकांना संशय आहे."

गणराज ताडकन उठला. "ऐकलंस? ह्यो सगला पोटाचा उद्योग हाय!"

"मंग तंबाकूची गोली काय बेंबीत ठेवत व्हता तुमी?" पूनम म्हणाली.

"मुख्य कारण तंबाखूच," बाई म्हणाल्या.

गणराज खाली बसला. पावसाने सामना थांबला तरी ज्याचं बोलणं थांबत नसे, त्या गड्याने या वेळी पेन उचललं. मग त्याने शस्त्रक्रियेचं संमतीपत्र पुढे ओढलं, सही केली आणि सहीखाली वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदर प्रकरणी संशयित पोट असून जीभ घटनास्थळी केवळ हजर होती. तरी जिभेऐवजी पोट कापावे, लागल्यास संपूर्ण जप्त करावे, ही नम्र विनंती.'