बिल्डरची बाजू

विनिताला वाद घालायचं भारी वेड, म्हणूनच कोळीवाड्यातली ही पोरगी अंधेरीच्या लॉ कॉलेजात आली होती. मूट कोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांचा लुटुपुटीचा खटला, ती कधी चुकवायची नाही. त्या वर्षी खटला होता मासळी सुकवायच्या जागेचा. जागा कोळ्यांची की बिल्डरची? चिठ्ठीत तिला बिल्डरची बाजू आली. ती हसली आणि जिंकायलाच उभी राहिली.

"पावसाळ्यात चार महिने तिथे एक बोंबील सुकत नाही. मग वहिवाट अखंड कशी?"

हे घरच्या माणसालाच ठाऊक असणार. परीक्षक म्हणून आलेले सबनीस वकील खूश झाले. "वा! हा मुद्दा मला नसता सुचला," म्हणत त्यांनी तिच्या हातात ट्रॉफी ठेवली.

वर्षभराने विनिताच्याच कोळीवाड्यातल्या मासळीच्या जागेवर एका बिल्डरने खरोखरचा दावा ठोकला. कोर्टात ती वडिलांशेजारी, म्हणजे धर्माशेजारी बसली होती. बिल्डरतर्फे सबनीस उभे राहिले आणि इंग्रजीत बोलू लागले. पावसाळा, चार महिने, बोंबील. एकेक वाक्य तिचंच होतं. न्यायाधीश मान डोलावत लिहून घेत होते.

धर्मा तिच्या कानाशी वाकला. "काय बोलतो गं तो?"

विनिता न्यायाधीशांच्या चालत्या पेनाकडे बघत राहिली.

"आपल्याला इंग्लिश कळत नाय, पण बोलतो भारी," धर्मा कौतुकाने म्हणाला. "तू पण असंच बोलायला शिक."