एक वायसरही नवा नको

"एक वायसरसुद्धा नवा टाकायचा नाही," स्वामीनाथ तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा मुरली मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला आणि मोठ्या आशेनं अंबुजाकडे पाहिलं.

अंबुजा काय बोलणार? चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापुढे तिची डाळ कधी शिजली होती? कुंभकोणमबाहेर साक्कोट्टैच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ती पदरानं वारा घेत बसून राहिली.

मुरलीचं म्हणणं काही वावगं नव्हतं. स्वामीनाथांची, म्हणजे तमिळ लोकांच्या तोंडी रायरांची, गाडी खालच्या मॉडेलची. तिला वरच्या मॉडेलचे ब्रेक बसतात, पुढे मोठ्या डिस्क, मागे ड्रमच्या जागी डिस्क, सगळं झकास. पण हा माल भंगारातला! निदान रबरी सील आणि पॅड तरी नवे हवेत की नकोत? रायर मात्र हटून बसले होते. पेडलपासून चाकापर्यंत सगळं जसंच्या तसं बसव. फक्त गंज घास आणि ब्रेकचं तेल भर.

"रायर, हा जिवाशी खेळ आहे," मुरली तमिळमध्ये म्हणाला.

"ठाऊक आहे मला," स्वामीनाथ म्हणाले.

जन्मभर त्यांनी वजनमापं तपासण्याची नोकरी केली होती. दुकानात शिरले की आधी ओरडायचे, तराजूला हात लावू नका, पुसूसुद्धा नका, आहे तसा दाखवा. अख्खं कुंभकोणम त्यांना वचकून असे. घरी भाजी आली तरी आधी काट्यावर चढायची. निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही.

आणि हे ब्रेकचं खूळ दिव्यश्री गेल्यापासूनचं. आठ महिने झाले. तिरुनीलक्कुडीच्या पुढे कालव्याच्या वळणावर त्यांची एकुलती एक लेक नवऱ्यासकट गाडीतून पाण्यात गेली. विघ्नेश पोहून बाहेर आला. दिव्या आली नाही. ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला गेला, असं तो रडत रडत सांगत होता. सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी मानलं. गाडी भंगारात गेली.

तेव्हापासून स्वामीनाथ खिशात एक चिठ्ठी ठेवून हिंडत होते. चिठ्ठीवर नुसता एक लांबलचक नंबर. तंजावर झालं, तिरुच्ची झालं, भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. पार्टचा नंबर असेल, अंबुजाला वाटलं. लेक ब्रेकपायी गेली, आता बापाला चांगले ब्रेक हवेत. तिला त्यांची फार दया येई. महिन्यापूर्वी तो माल सापडला, त्या दिवशी मात्र ते जेवले नव्हते.

काम झालं तेव्हा मुरलीनं कुंकू घातलेला कोहळा गाडीपुढे फोडला. अंबुजानं विचारलं, कोहळा तर नव्या गाडीला ना? मुरलीनं नजर चुकवली. अपघातातल्या गाडीचा माल आहे अम्मा, म्हणाला, दृष्ट काढलेली बरी.

अंबुजानं नवऱ्याकडे पाहिलं. कुणाच्या मरणाचं लोखंड हे दारात आणत होते?

रविवारी सकाळी स्वामीनाथांनी जावयाला बोलावून घेतलं. तिरुनीलक्कुडीच्या देवाला दिव्याच्या नावानं तेल वाहायचं होतं. विघ्नेश लगेच आला. पोरगा गुणाचाच. पुढच्या महिन्यात त्याचं दुसरं लग्न होतं, त्याच्याच ऑफिसातल्या वाणीशी. अंबुजानंच त्याला सांगितलं होतं, बाबा रे, किती दिवस एकटा राहशील?

तो पुढे बसला. अंबुजा तेलाचा डबा मांडीवर घेऊन मागे. घरातल्या मराठीत इकडचंतिकडचं बोलणं चाललं होतं. गाडीला वरच्या मॉडेलचे ब्रेक बसवलेत, स्वामीनाथांनी कौतुकानं सांगितलं. छान केलंत मामा, विघ्नेश म्हणाला.

देऊळ आलं. स्वामीनाथांनी गाडी थांबवली नाही.

"अहो, देऊळ मागे राहिलं," अंबुजा म्हणाली.

"येताना जाऊ."

काटा साठवर गेला. मग सत्तरवर. चाळीसच्या वर कधी न गेलेला हा माणूस! पुढे तोच सरळ रस्ता होता, दोन्ही बाजूंना भाताची शेतं आणि शेवटी कालव्याचं वळण. आता अंबुजाला सगळं उमगलं. भंगारातले ब्रेक, एकही वायसर नवा नाही. त्यांना लेकीवाचून जगायचं नव्हतं, आणि ते दोघांना बरोबर घेऊन तिच्याकडे निघाले होते. डबा कलंडला, साडीवर तेल सांडलं.

"मामा, हळू," विघ्नेश म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा, वळण आहे. मामा, ब्रेक दाबा."

स्वामीनाथांनी ब्रेक दाबला.

टायर करकरले. अंबुजा पुढच्या सीटवर आदळली. गाडी सरळ रेषेत घासत गेली आणि थांबली. बॉनेटपासून पाणी चांगलं चार हात लांब होतं. कालव्याच्या काठावर एक बगळा उभा होता, तोही उडाला नाही.

मग विघ्नेशनं कपाळावरचा घाम पुसला. त्याला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते.

"काय ब्रेक आहेत, मामा," तो म्हणाला. "त्या दिवशी आमच्या गाडीला असे ब्रेक असते, तर दिव्या आज आपल्यात असती."

स्वामीनाथांनी इंजिन बंद केलं. खिशातली चेसिस नंबरची चिठ्ठी काढून जावयाच्या मांडीवर ठेवली.

"होते," ते म्हणाले. "हे तुमच्याच गाडीचे आहेत."