गायकाचं गोत्र

रेडिओवर गाजलेल्या त्या गायकाच्या अस्थी रामकुंडावर आल्या आणि अख्खं नाशिक घाटावर लोटलं. जो तो तिलांजली द्यायला पुढे! ओंजळीत तीळ घालताना गंगाधर गुरुजी रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला विचारत होते, “मृताशी नातं काय? गोत्र कुठलं?” उत्तराऐवजी माणसं नुसती रडत. “ना नात्याचे ना गोत्याचे, रडतात मात्र धाय मोकलून!” गुरुजी वैतागून पुटपुटले. पुढच्या हातांतल्या बांगड्या ओळखीच्या निघाल्या. समोर त्यांची बायको श्यामला उभी. “अगं, तुझं कसलं नातं?” “लग्न झाल्यापासून तुम्ही दिवसभर इथं, लोकांच्या क्रियाकर्मात,” ती हळूच म्हणाली. “घरी सोबतीला ट्रान्झिस्टरवरचा त्यांचाच आवाज. तुमच्या वाट्याच्या गप्पासुद्धा मी त्यांच्याशीच मारल्या.” गुरुजींनी तिच्या ओंजळीत तीळ घालून मंत्र सुरू केला आणि मृताचं म्हणून आपल्याच घराण्याचं गोत्र उच्चारलं.