बाबा म्हणजे कोण

ब्रिस्टलच्या त्या पार्कात वरदचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घटस्फोटानंतर त्याची लेक सान्वी त्याला फक्त शनिवारी भेटायची. तिच्या आईचा नवा नवरा, हरीश, तिला गाडीने आणून सोडायचा. आज अजून पत्ता नव्हता. वरदला बाकावर बसवत नव्हतं आणि फाटकावरून नजरही हलत नव्हती.

"बाबा!" पाठीमागून हाक आली तसा तो गर्रकन वळला. एक गोरी चिमुरडी धावत येऊन बाकावरच्या बल्गेरियन म्हातारीला बिलगली.

"बाबा!" तो पुन्हा वळला. या वेळी घसरगुंडीवरचा मुलगा त्याच्या तुर्की बापाला बोलवत होता.

म्हातारीला हसू आलं. "आमच्यात बाबा म्हणजे आजी."

"आमच्यात वडील," तुर्की बाप म्हणाला.

"आमच्यातही वडीलच!" वरद घाईघाईने म्हणाला. "पण मग हा शब्द मूळचा कुणाचा?"

"तान्ह्या पोरांचा," म्हातारी म्हणाली. "ओठ मिटून उघडले की झाला तयार. मग जो उचलून घेईल, त्याला तो चिकटतो."

इतक्यात फाटकाशी गाडी थांबली. वरद हात पसरून धावत सुटला.

"हाय, डॅड!" सान्वीने त्याला घट्ट मिठी मारली. मग मिठीतूनच मान वळवून ती गाडीकडे बघत ओरडली, "बाबा, सहाला घ्यायला ये हं, विसरू नको!"